याच्या पुढचं द्या

प्रिय ठकू,

परवा चहा अर्धा टाकून गेलीस, म्हणून लिहिते. समोरासमोर आपण दोघी लगेच हातघाईवर येतो, आणि आताशा माझ्यात भांडायचं त्राण नाही.

वाचनालयातली पुस्तकं द्यायची खिडकी आणि तिची भिंत पाडायची, वाचकांनी आत येऊन हवं ते पुस्तक घ्यायचं, हा तुझा ठराव. जुने सभासद मला गाठून म्हणतात, वहिनी, ग्रंथपालांची शिस्त त्यांच्यामागे मोडू देऊ नका. मतं निम्मी-निम्मी आहेत, माझ्या मतावर अडलंय. तू म्हणालीस, मी त्या म्हाताऱ्यांतलीच. असेन बाई.

लग्न होऊन आले तेव्हा मला एकाही पुस्तकाचं नाव ठाऊक नव्हतं, आणि नाव सांगितल्याशिवाय त्या खिडकीतून पुस्तक मिळत नसे. पहिलं खिडकीमागच्या स्टुलावरून तुझ्या ग्रंथपाल बाबांनीच हातात ठेवलं. ते परत करताना मी म्हणाले, "याच्या पुढचं द्या." मग तीच रीत पडली. कपाटात पुस्तकं जशी उभी, तशी मी वाचत गेले. शिवणकामानंतर थेट राज्यशास्त्र. नियम म्हणजे नियम म्हणणाऱ्या माणसाने माझ्यासाठी तो गुपचूप वाकवला होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्या कपाटात जुनं जपा म्हणणाऱ्यांची जाडजूड पुस्तकं होती. वाटलं, बदलाला नुसत्या शिव्या असतील. तसं नव्हतं. त्यातले शहाणे म्हणत, दुरुस्ती केली नाही तर जपलेलंही हातचं जातं. फक्त आधी थोडं करून बघा, आणि पाडताय ते कशासाठी बांधलं होतं ते विचारा. म्हाताऱ्यांनी यातलं दुरुस्तीचं सोडलं, तू करून बघण्याचं आणि विचारण्याचं. भिंत बांधली कारण लोक पानं फाडून न्यायचे. आता फाडायलासुद्धा कोणी येत नाही. तेव्हा माझं मत तुला. एक कपाट आधी उघड, वर्षभर बघ, मग भिंत.

पण पत्र त्यासाठी नाही. तुझे बाबा गेल्यापासून मी खिडकीकडे फिरकले नाही. त्यांच्या स्टुलावर दुसरं कोणी दिसेल म्हणून. त्यांनी दिलेलं शेवटचं पुस्तक वाचून कधीच झालंय, परत करवत नाही. भिंत पाडण्याआधी एका संध्याकाळी तू त्या स्टुलावर बस. मी बाहेर उभी राहीन, पुस्तक आत सरकवीन, पुढचं मागेन. तेव्हा काही बोलू नकोस. नुसतं दे.

तुझीच,
आई