आमच्या रस्त्याचा ढाळ

प्रिय ठोंब्या,

साहेब झालास, चार जणांना कामं सांगायला लागलास, तरी पत्राच्या सुरुवातीला मी हेच लिहिणार. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "जेवलीस का" विचारायच्या आधी "मग काय ठरलं?" विचारतोस, माझं डोकं फिरतं, मी फोन आपटते आणि सांगायचं ते राहूनच जातं. पत्राला मधे तोंड घालता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण. अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर लगेच म्हातारपण म्हणू नकोस; लिहायला बसायची जागा अवघड आहे. ती कुठली ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

तुझ्याकडची खोली तयार झाली हे कळलं. सूनबाईने पडदे लावले, पलंग आणला, खिडकीतून बाग दिसते, आणि पुढच्या महिन्यात सामान न्यायला ट्रक पाठवतोयस. खोलीत खोट काढायला मला जागा नाही, आणि सूनबाई तर गुणाचीच आहे. पण मी येणार नाही. हे मी बाबा गेले तेव्हाही सांगितलं होतं, आणि तेव्हा तू काय बोललास ते मी विसरलेले नाही. बाबांना वेताच्या खुर्चीत बसवून तू आणि दूधवाली वहिनी उतारावरून खाली आणत होतात. ॲम्ब्युलन्स खाली वळणावरच थांबली होती, कारण वरचे खड्डे पाहून ड्रायव्हरने गाडी पुढे न्यायला साफ नकार दिला होता. तुझा पाय दोनदा मुरमावरून सटकला, तरी तू खुर्ची तिरकी होऊ दिली नाहीस. खाली पोचेपर्यंत बाबांचा हात माझ्या हातात गार झाला होता. नंतर ती रिकामी खुर्ची वर आणताना तू ओरडलास की ज्या दिवशी ह्या दारापर्यंत ॲम्ब्युलन्स येईल, त्या दिवसापासून मी तुला न्यायचं नावसुद्धा काढणार नाही. रागात बोललास, पण बोललास. मी तो शब्द उचलून ठेवला. त्यानंतर तू वर आला नाहीस. येतोस तो वळणावर गाडी लावतोस आणि मला खाली बोलावतोस, जशी काही मी तुरुंगात आहे आणि भेटीची वेळ झालीय.

बाबा होते तोवर घमेलं-फावडं घेऊन खड्डे बुजवत राहायचे. त्यांच्यामागे तेवढंही कोणी करेना. मी रस्त्यांच्या सरकारी ऑफिसात गेले. खिडकीतल्या साहेबाने नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "बाई, हा खाजगी रस्ता. आमचा नाही." मी म्हटलं, मग कोणाचा? तर म्हणे, "ज्यांची घरं त्यांचा." वर घरं तीन. आपलं, वहिनीचं आणि गुरुजींचं. एक फरशीवाली, एक दूधवाली आणि एक निवृत्त मास्तर. मोठं यंत्र मागवायची आमची ऐपत नाही, आणि मागवलं असतं तरी त्या वळणातून ते वळलंच नसतं. घरी आले आणि तावातावाने अंगण दोनदा झाडून काढलं. मला त्या साहेबाचा राग आला नव्हता, बरं का. त्याचं वाक्य पटलं होतं, आणि पटलं याचाच राग आला होता.

वहिनीकडे ट्रॅक्टर आहे हे तुला माहीत आहे. एकदा गोठ्यात बसलो असताना ती सहज बोलून गेली की तिच्या वडिलांच्या काळी ट्रॅक्टरमागे जोडून ओढायचा, रस्ता सारखा करणारा ग्रेडर असायचा. त्याला इंजिन नाही की बिघडायला काही नाही. चार लोखंडी चाकं, पोटाखाली लांब पातं, आणि मागे फळीवर उभं राहून फिरवायची दोन मोठी चक्रं. डावं फिरवलं की पात्याचं डावं टोक वर-खाली होतं, उजवं फिरवलं की उजवं. मी तिला म्हटलं, अगं, असं एखादं शोधू या. तर म्हणते, "काकू, आता ते कुठलं मिळायला? लोकांनी कधीच वितळवून खिळे केले असतील." झालं. मिळणार नाही असं मला कोणी सांगू नये, एवढं तरी वहिनीला कळायला हवं होतं.

मग मी पायाला भिंगरी लावली. बंद पडलेल्या खाणी पाहिल्या, ठेकेदारांची आवारं पाहिली, वाळूवाल्यांना विचारलं. एक ग्रेडर एका हॉटेलच्या दारात सापडला. गुलाबी रंग लावून त्याच्या फळीवर फुलांच्या कुंड्या मांडलेल्या! मालक म्हणाला, लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. मला त्या यंत्राची एवढी कीव आली की चहा न पिताच उठले. दुसरा एका खाणीत मिळाला, पण त्याची मधली लोखंडी तुळई वाकली होती, आणि कणा मोडलेला घरी आणून काय उपयोग. तिसरा भंगारवाल्याच्या आवारात अगदी मागे होता. वेलींनी झाकलेला, वर कोंबड्या बसलेल्या. मी वेली बाजूला केल्या, तुळईवर नजर लावली, दोरी धरली. सरळ. चक्रांच्या दांड्यांचे आटे बोटाने चाचपले. गंज होता, पण आटे खाल्लेले नव्हते. पातं झिजलं होतं, ते तर झिजायचंच. भंगारवाला हसून म्हणाला, "मावशी, ह्याचं काय लोणचं घालणार?" मी म्हटलं, तुझ्या ऑफिसातलं टेबल का डुगडुगतं ते आधी सांग. त्याच्या खोलीतली फरशी कोणा उंडग्याने बसवली होती, पाऊल टाकलं की टकटक वाजायची. मी त्याला नवी फरशी बसवून दिली आणि ग्रेडर घेतला. गुडघे ठणकले, खोटं कशाला बोलू. पण किती वर्षांनी हाताला ओलं सिमेंट लागलं! बाबा फरशी कापायचे आणि मी बसवायचे, ते दिवस आठवले. कामावरचे सगळे मला लेव्हलबाई म्हणायचे आणि बाबांना लेव्हलबाईंचे मिस्टर. ते कधी चिडले नाहीत.

घरी आणल्यावर चक्रं जागची हलेनात. आम्ही डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या, ठोकलं, पुन्हा भिजवलं. गुरुजी रोज काठी टेकत यायचे, बांधावर बसायचे आणि म्हणायचे, "म्हातारीला म्हातारं यंत्र भेटलं." एक दिवस डावं चक्र करकरलं आणि फिरलं. त्या आवाजाने वहिनीची म्हैस दावं तोडून पळाली. गुरुजी उठून उभे राहिले आणि काठी विसरून घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच कुठल्याशा जुन्या विद्यार्थ्याकडून पात्याला नवीन धार लावून आणली, आणि वर म्हणाले की मला पहिल्यापासून खात्री होती.

आता हसण्याची गोष्ट ऐक. ग्रेडर चालवायला दोघं लागतात, एक पुढे ट्रॅक्टरवर आणि एक मागे फळीवर. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून मी वहिनीच्या दंडाला दोरी बांधली. एक हिसका म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, हा नियम. वहिनीने बघितलं, ट्रॅक्टर कलला, आणि गुरुजींचं अर्धं कुंपण पात्यापुढे गोळा झालं. त्यावर गुरुजींनी दोन दिवस आमच्याशी अबोला धरला. पण खरं शहाणपण माझंच. आयुष्यभर जे केलं तेच मी रस्त्यावरही केलं. थोडं ओढायचं, उतरायचं, आडवी फळी टाकून तिच्यावर पाणसळ ठेवायची, नळीतला बुडबुडा मधोमध आला की पुढे. असा रस्ता केला ठोंब्या, की त्यावर पंगत बसली असती. मी लोकांना बोलावून दाखवला. आणि मग पाऊस पडला. सपाट रस्त्यावर पाणी जायचं कुठे? ते तिथेच बसलं, मुरूम मऊ झाला, वहिनीच्या दुधाच्या गाडीने दोन चाकोऱ्या पाडल्या, आणि आठवड्याभरात रस्ता आधीपेक्षा वाईट. गुरुजी बांधावर बसून हसू दाबत होते. मी घरात जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी खरंच "ये, ने मला" म्हणणार होते. शब्द जिभेवर आला होता. तू आधीच म्हणालास, "आई, हट्ट सोड, तो रस्ता कधी होणार नाही." बरं झालं म्हणालास.

फोन आपटून मी मोरीत हातपाय धुवायला गेले. पाणी ओतलं आणि ते भोकाकडे निघून गेलं. मी बघतच राहिले. ती मोरी मीच केलीय. आयुष्यात एकाही मोरीला ढाळ द्यायला मी चुकले नाही, आणि रस्त्याला विसरले! तशीच ओल्या पायांनी वहिनीकडे पळाले. मग आम्ही पातं तिरकं लावलं, कडेला वाहून गेलेला मुरूम ओढून मधे आणला, मधला भाग उंच ठेवला, दोन्ही बाजूंना ढाळ दिला आणि कडेने चर काढला. पाणसळ घरी ठेवून दिली. बुडबुडा मधोमध यायला नको, तर कडेला जायला हवा, हे शिकायला मला म्हातारं व्हावं लागलं. पुढचा पाऊस आला तेव्हा आम्ही तिघं छत्र्या घेऊन रस्त्यात उभे होतो. पाणी दोन्हीकडे पळालं. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या, छत्री उडून गेली तरी त्यांना पत्ता नाही. आता दर पावसानंतर एक फेरा मारतो, बस्स.

परवा ऑफिसातला तोच साहेब वर आला. गाडीतून उतरला, रस्ता पाहिला आणि विचारलं, "हे कोणाच्या परवानगीने केलं?" मी म्हटलं, साहेब, तुम्हीच सांगितलंत हा तुमचा नाही, ज्यांची घरं त्यांचा. ती परवानगी धरूनच केला. वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती. साहेबाने ताक घेतलं आणि गेला. जाताना गाडी मात्र झोकात नेली.

आता सांगते मी कुठे आहे ते. हॉस्पिटलात, उशीला टेकून. उजवी नडगी मोडलीय, प्लास्टर घातलंय, हाड नीट बसलंय. घाबरू नकोस आणि वहिनीला फोन करून ओरडू नकोस, मीच तिला तुला कळवू दिलं नाही. ग्रेडरवरून पडले नाही. ज्या मोरीच्या ढाळाची एवढी फुशारकी मारली तिथेच घसरले. दोष साबणाचा, ढाळाचा नाही. वहिनीने ॲम्ब्युलन्स बोलावली. आली ती दारापर्यंत, रे. अगदी दारापर्यंत. आणि ड्रायव्हर तोच होता, बाबांच्या वेळचा. खाली उतरून रस्त्याकडे बघत राहिला, मग विचारलं, "हा कोणी केला?" मी स्ट्रेचरवरून हात वर केला. उतरताना मी पडल्या पडल्या एकेक वळण पाठीने ओळखत होते. एकही हिसका बसला नाही. तिथे मला रडू फुटलं; पाय दुखत होता म्हणून नाही. हाच उतार बाबांना असा मिळाला असता, असं वाटलं. आणि तुझं वाटलं. तू कधी बोलला नाहीस, पण मला ठाऊक आहे की तू अजून मनात तो उतार उतरतोयस, अजून थोडा भरभर. ठोंब्या, तू हळू चालला नव्हतास. रस्ता वाईट होता. तो आता नाही. तुझी अट पुरी झाली, तेव्हा ट्रक रद्द कर, पलंग पाहुण्यांना ठेव. डॉक्टर मला पुढच्या आठवड्यात सोडतायत. इतकी वर्षं मला न्यायला येतो म्हणत होतास ना? मग आता ये. मला न्यायला ये, पण वर. गाडी दारापर्यंत जाते.

तुझीच, आणि अजून तेवढीच हट्टी,
आई