शनिवारचं पाणी

सक्कर, सिंध
जून १९३४

प्रिय शरदे,

आणि पुन्हा तेच! "आपल्या घरानं वार दिले, कधी घेतले नाहीत." अगं, हे वाक्य तात्यांचं आहे. तू ते तुझ्या वळणदार अक्षरात उतरवलंस म्हणून काही तुझं झालं नाही. मागच्या दोन्ही पत्रांत मी एकच विचारलं होतं, मुलींच्या कॉलेजात नाव घालायची मुदत कधी संपते? तू मला घराण्याची अब्रू शिकवलीस. तू मॅट्रिक पास, मी तिसरीतून पळालेला. तरी प्रश्न काय आणि उत्तर काय, एवढं मलाही कळतं. शेवटी इथल्या आमच्या साहेबांनी परस्पर चौकशी केली तेव्हा समजलं की जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर दार बंद. म्हणजे तुला रुसायला फार दिवस उरलेले नाहीत. जुलै गेला की आत्या आहेच, तिच्याजवळ स्थळांची पोतडी तयार असते.

तुला वाटतं की इथली माणसं मला गरीब मजूर समजून चार पैसे टाकतायत आणि मी ते बहिणीकडे ढकलतोय. ही माणसं कोण ते ऐक, मग खुशाल नाही म्हण. आईला वाचून दाखवशील तेव्हा मात्र एका शिवीची गोष्ट येते ती, आणि अगदी शेवटचं, गाळ.

इथे नदीवर मोठा बांध आहे आणि त्याच्यातून कालवे काढलेत हे तुला ठाऊक आहे. त्या दरवाज्यांच्या वर्कशॉपात मी फिटर. वाळू अशी की भाकरीत लागते, आणि ऊन असं की दुपारी पाना हातात धरवत नाही. थंडी नुकती सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. हजेरीबाबूनं माझी अर्धी पाळी खाल्ली, म्हणून मी त्याला आपल्या दूधविनायकाच्या गल्लीतली अस्सल शिवी हासडली. मागून एक साहेब चालले होते, डोक्यावर टोप, झुपकेदार मिशा. ते थबकले. मी म्हटलं, गेली नोकरी. तर ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "का गुरू, बनारस के हौ का?" आणि मी हो म्हटल्यावर एकदम मराठीत, "शिवीवरूनच ओळखलं. ही शिवी गंगेच्या पलीकडे कुणाला येत नाही. गुरुवारी घरी जेवायला ये."

मी गेलो. का गेलो खरं सांगू? दोन वर्षांत वरणभात पाहिला नव्हता. गंगावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाट मांडले, वरणावर तुपाची धार सोडली. जेवण झालं. आणि मी काय केलं असेल? ताट उचललं, उष्टं गोळा केलं, ताट तसंच धरून नळाकडे निघालो. सवय, दुसरं काय. पाहतो तर साहेबही आपलं ताट घेऊन नळाशी उभे! घरात नोकर आहे, तो तोंडाला फडकं लावून हसतोय. वहिनी म्हणाल्या, "हे मेलं रोजचंच आहे. लग्न होऊन आठ वर्षं झाली, यांच्या हातातलं ताट सुटत नाही. आता जोडीदार मिळाला!" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू कुणाकडे वारानं होतास रे?"

त्यांना वाटलं, मीही त्यांच्यासारखाच. विश्वविद्यालयात शिकलेला, वार लावून जेवलेला. कारण असं ताट उचलायची सवय त्या मुलांशिवाय कुणाला असणार? मी म्हटलं, "मी कसला वारानं, तुम्हीच सगळे आमच्याकडे वारानं होतात." आणि ताटाचं सांगितलं. तुला आठवत नसेल, तू रांगत होतीस. वाराची मुलं आपली ताटं स्वतः उचलायची, जागा शेणानं सारवायची. तर आईनं मलाही तोच नियम लावला. घरचा मुलगा असून! मी रडायचो, पाय आपटायचो, की ही काय शिक्षा. आई म्हणायची, "तुझं ताट मी उचललं तर त्यांना त्यांचं जड होईल." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं. तूप पहिल्यांदा त्यांना वाढायची याचा राग मात्र होता, तो अजून आहे. तूप माझंच होतं, यावर मी कायम.

साहेबांच्या हातातलं ताट तसंच राहिलं, नळ वाहतोय. म्हणाले, "दूधविनायक? विहिरीच्या वरच्या पायरीला भेग आहे ते घर? आनंदीबाई?" शरदे, ते आपले गुरुवारचे वेणीमाधव! ज्यांना मी गल्लीत 'बगळा' म्हणायचो, उंच आणि बारीक म्हणून, ते. ब्रह्मा घाटाजवळ एका खोलीत राहायचे, तिथून रोज नगव्याला कॉलेजात पायी. आता कोण म्हणेल! मी त्यांना बगळ्याची आठवण दिली तर वहिनींनी ते नाव लगेच उचललं, आता घरात तेच चालतं.

त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते आपल्या घरात कुणालाच माहीत नाही. निदान तात्यांना नक्की नाही. वेणीमाधवरावांना सहा घरं मिळाली होती, शनिवार रिकामा. शनिवारी ते उपाशी कॉलेजात जायचे. म्हणून गुरुवारी आपल्याकडे एक पोळी हळूच उपरण्यात गुंडाळायचे. एकदा आईनं ते पाहिलं. तशीच पोळ्या वाढत राहिली. पुढच्या गुरुवारी ते निघाले तेव्हा दारात म्हणाली, "वेणीमाधव, शनिवारी विहिरीचं पाणी भरायला घरात माणूस नाही. तेवढं भरून दिलंस तर फार उपकार होतील. आणि भरशील तर जेवूनच जा, उपाशी पोटी घागरी उचलायच्या नाहीत."

घरात माणूस नाही! अगं, शनिवारी पाणी मी भरायचो! मला अचानक सांगितलं की आजपासून तुला शनिवारी सुट्टी. मला वाटलं आईला माझी दया आली. मी पुढचे सगळे शनिवार पतंग उडवण्यात घालवले, आणि गल्लीत सांगत फिरलो की आईचा माझ्यावर फार जीव. साहेब म्हणतात, "मी खाली घागरी ओढायचो आणि वर गच्चीवर तू 'काटा!' म्हणून ओरडायचास. मनात म्हणायचो, चल बाबा, तुझ्या पतंगावर माझं जेवण चाललंय." दोघं इतके हसलो की वहिनी बाहेर आल्या. पण हसता हसता साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मला भिक्षा घेतल्यासारखं कधी वाटलंच नाही. चार वर्षं. कसं जमवलं बाईंनी?"

मग मी त्यांना विचारलं, हे सगळं मनात होतं तर तुम्ही आईला कधी काही पाठवलं का नाही? मी असा तोंडफाटका, तुला माहीत आहेच. ते म्हणाले, पाठवलं होतं. पहिल्या पगाराचं लुगडं आणि पैसे. आईनं लुगडं ठेवून घेतलं आणि पैसे परत केले. उत्तर कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, "जेवलास त्याचं मला देऊ नकोस. तू असशील तिथे कुणाचा तरी शनिवार रिकामा असेल, तो बघ." ते लुगडं म्हणजे आईचं अंजिरी, सणाला नेसते ते. आपण तात्यांनी आणलं समजत होतो.

तेव्हापासून हा माणूस शनिवार शोधत फिरतो. तुला वाटेल मी वाढवून सांगतोय, पण डोळ्यांनी पाहिलंय. इथे काशीच्या विश्वविद्यालयातून शिकून आलेले, साहेब धरून, पाच जण आहेत. एक पंजाबी डॉक्टर, एक इथल्याच शाळेतला सिंधी मास्तर, बाकी दोघं साहेबांच्या हाताखालचे. हुद्दे वेगळे, भाषा वेगळी, पण घरात आले की टोप्या खुंटीला आणि एकमेकांना 'अबे' सुरू. कुणी नवा पोरगा काशीहून शिकून नोकरी शोधत या मुलखात उतरला, तर त्याची पथारी डॉक्टरांच्या ओसरीत पडते, कुणी त्याला नात्याचा आहेस का विचारत नाही. डॉक्टरांनी आपली शिकायची सगळी पुस्तकं, कडेला पेन्सिलीनं केलेल्या खुणांसकट, मागच्या मुलांना पाठवून दिली. त्यातल्या एका मुलानं लिहिलं की पुस्तकापेक्षा खुणाच कामाला आल्या. तेव्हा डॉक्टर दिवसभर सगळ्यांना ते पत्र दाखवत होते, रोग्यांनासुद्धा. नागपूर, रंगून, कुठे कुठे यांचे सोबती आहेत. एक निघतो तो पुढच्याला लिहितो, की अमका मुलगा येतोय, हुशार आहे पण लाजतो, स्वतःहून जेवायला मागणार नाही, तूच बोलाव.

मी बाहेरचा, कोपऱ्यात बसून हे पाहायचो. मला आजवर शिकलेल्या माणसाची भीती वाटायची नाहीतर चीड यायची. यांच्यात बसलो की आपणही एखादा धडा गिरवला असता तर बरं, असं पहिल्यांदा वाटलं.

वसंत पंचमीला, विश्वविद्यालयाचा पाया ज्या तिथीला घातला त्या दिवशी, हे सगळे एकत्र जेवतात आणि पुढच्या सालात कोणत्या विद्यार्थ्याला हात द्यायचा ते ठरवतात. मला साहेबांनी नेलं. डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "किस होस्टल के हो?" मी म्हटलं, "हम होस्टल के नहीं, डाक्टर साहब. होस्टलवाले हमारे यहाँ के हैं." मग जो काही हशा झाला! वेणीमाधवराव म्हणाले, "याचं नाव कुठल्याच रजिस्टरात सापडणार नाही. पण मी अर्धा कॉलेजात शिकलो आणि अर्धा याच्या आईच्या स्वयंपाकघरात. हा आपल्यातलाच." डॉक्टर उठले, स्वतःच्या शेजारचा पाट सरकवून म्हणाले, "तो बैठो, स्वयंपाकघर के ग्रेजुएट!" तेव्हापासून वर्कशॉपात मला ग्रेजुएट म्हणतात. हजेरीबाबूसुद्धा.

मग विषय निघाला, यंदा कोण? मास्तरांनी एका मुलाचं नाव घेतलं, त्याचं ठरलं. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात रांगणारी एक मुलगी होती. तिचं काय झालं?" मी सांगितलं, ती यंदा मॅट्रिकला बसतेय, आणि पास होणार. तात्यांनी तिला स्वतः संस्कृत शिकवलं, तिचं पाठांतर ऐकायला ब्रह्मा घाटावरचे शास्त्री थांबतात. पुढे शिकवायची तात्यांचीही इच्छा आहे, पण दक्षिणेवर घर चालतं, फी कुठून आणणार? आणि मागणार तर मुळीच नाहीत. कुणी वाद घातला नाही. मुलगी म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. मास्तर एवढंच म्हणाले, "बी.ए. झाली की आम्हाला एक शिकवणारी मिळेल." तू मॅट्रिकला बसलीस तेव्हा तुझं पुढचं ठरलंसुद्धा होतं, सक्करमध्ये, बासुंदी खाता खाता.

आता सांग, यात भीक कुठे आहे? वाराची मुलं आपल्याकडे मान खाली घालून जेवली असती तर तुझं म्हणणं खरं होतं. पण आईनं एकाचीही मान खाली जाऊ दिली नाही. त्यासाठी मला ताट घासायला लावलं, पाणी भरायची माझी पाळी खोटी खोटी गायब केली. एवढी खटपट तिनं केली ती घेणं हलकं नाही हे दाखवायलाच ना? मग तिच्याच मुलीनं घेणं हलकं आहे म्हणून कसं चालेल? तात्यांना हे असं तू समजाव. मी सांगितलं तर म्हणतील, आला मोठा शहाणा. लुगड्याचं मात्र आधी आईला विचार, ती हसेल बघ, आणि ती हसली की तात्यांचं अर्धं काम झालं.

हे एवढं लांबलचक लिहिलं त्याचं कारण आता सांगतो. मनीऑर्डर मी आज सकाळीच केली आहे, तुला न विचारता. तात्यांच्या नावानं नाही, तुझ्या. या मंडळींचा तसा रिवाज आहे, विद्यार्थ्याचे पैसे विद्यार्थ्याच्या हातात. पोस्टमन गल्लीत उभा राहून शरदिनी विश्वेश्वर म्हणून पुकारील, तेव्हा जिना उतरून तू स्वतः खाली ये आणि सही कर. परत पाठवलीस तर ती इथे पाच जणांसमोर येईल आणि कुणी मला काही बोलणार नाही, हेच मला सोसणार नाही. सही केलीस तर त्याच दिवशी एक्का करून नाव घालून ये. दिवाळीला मी येत नाही, एवढं आईला तू हळूच सांग. रजा मिळाली नाही असं सांग, रजेला काही झालेलं नाही, पण भाड्याचे साठवले होते ते मी यात घातलेत आणि त्याबद्दल मला चांगलंच वाटतंय, तेव्हा तू उगाच रडारड करू नकोस. त्यांचे तीस, माझे बारा. मिळून बेचाळीस रुपये.

तुझाच,
ढुंढीदादा