हजेरीची सही

ती. आईस,
इंदूरहून सुरभीचा नमस्कार. मी ठीक आहे, खोकलाही गेला. फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

राऊजवळच्या एका वस्तीतल्या विहिरी कारखान्याच्या रंगीत पाण्याने नासल्या आहेत. कारखाना आणि वस्ती, दोघांनी एकत्र बसून तोडगा काढावा म्हणून समिती नेमली होती. तो प्रयोग कितपत जमला, याचा अहवाल मी लिहायचा होता.

कागदावर सगळं छान. आठ बैठका, आणि शेवटी सह्यांचा करार: कारखाना टँकर पाठवेल, वस्ती तक्रार मागे घेईल.

वस्तीतल्या सत्तरीच्या आनंदीबाईंनी एकही बैठक चुकवली नव्हती. त्यांना करार वाचून दाखवला, तर म्हणाल्या, "बेटा, हे तर मी पहिल्यांदाच ऐकतेय. सही तर हाजिरीची घेतली होती."

आई, हजेरीचाच कागद कराराला जोडला होता. ऑफिसात आमच्या साहेबांना दाखवलं, तर म्हणाले, "लोक आले, बसले, चाय प्याले. सहभाग झाला ना? बस, तेच लिही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी ते लिहिलं नाही. कराराची प्रत घेऊन पुन्हा वस्तीत गेले. आनंदीबाईंनी आपल्या सहीखाली सावकाश लिहिलं, "हजर होते. कबूल नव्हते." मग बाकीच्या बायकांनीही तेच लिहिलं. ती पानं अहवालाला जोडून काल पाठवली.

नोकरीचं काय होईल ते कळेलच. बाबांचं बीपी कसं आहे? त्यांना एवढ्यात सांगू नकोस. पण कुणी विचारलं, पोरगी तिकडे काय करते, तर मान खाली घालू नकोस.

तुझी,
सुरभी