गावाचं प्रेशर भिंतीवर

सोमवार, ८ डिसेंबर
शाळेला ब्लडप्रेशर मोजायची सहा यंत्रं दिली. खोक्यावरची किंमत राहू दे बाजूला. खरा खर्च असा – फरसाणाच्या दुकानाची एक अख्खी सकाळ, स्टेजवर उन्हात भाजलेलं टक्कल, मुख्याध्यापकांचं चाळीस मिनिटांचं भाषण आणि चार किलो फाफडा. त्यात भाषणभर मला 'माधवजीभाई' म्हणाले! ओधवजी म्हणायला काय जीभ अडखळते?

पण विज्ञानाच्या नियतीबेन खूश. आठवीची एकेचाळीस मुलं घरी मोठ्यांचं प्रेशर मोजणार आणि फोनवरून सगळी एकाच तक्त्यात भरणार. एकाने आकडा टाकला की वर्गातल्या भिंतीवर सगळ्यांना दिसतो. बरा आकडा हिरवा, जास्त आकडा लाल. शेजारी रोजचे पापड, लोणचं, गाठिया. मिठाचं आणि प्रेशरचं काय नातं, ते मुलांनीच शोधायचं.

हे सगळं वीस तारखेच्या ट्रस्टच्या बैठकीसाठी. प्रमुख जसवंतभाईंना प्रयोगांची खोली खाजगी क्लासला द्यायचीय. "मुलं तिथे खेळतात, शिकत नाहीत," म्हणे. तक्ता पटला तरच खोली वाचणार.

मंगळवार, ९ डिसेंबर
आठवीतली नात हेली यंत्र घेऊन आली. "दादा, बाही वर करा."
"लिही एकशे वीस-ऐंशी."
"अहो, मोजू तरी द्या!"
"लोखंडाला काय मोजायचं? बासष्ट वर्षांत डॉक्टरची पायरी चढलो नाही. भट्टीपुढे उभा राहून हे दुकान केलंय."
तोंड फुगवून लिहिलं तिने. नाक अगदी तिच्या आजीसारखं उडवते!

शुक्रवार, १२ डिसेंबर
तक्ता पूर्ण. शाळेत बघायला गेलो. भिंत हिरवीगार! खालपासून वरपर्यंत एकशे वीस-ऐंशी. पापड शून्य, लोणचं शून्य.
जसवंतभाई छाती काढून म्हणाले, "बघा! आपल्या महुव्यासारखं निरोगी गाव नाही."
नियतीबेनचा चेहरा मात्र उतरलेला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, एवढं निरोगी गाव जगात नसतं. बैठकीला डॉक्टर ट्रस्टी आहेत, ते हसतील. खोली गेली समजा."
पापड शून्य! अरे, कालच तर त्या सगळ्यांना मीच मोजून दिले.

शनिवार, १३ डिसेंबर
आज गल्ल्यावर बसून नुसते कान उघडे ठेवले. तासाभरात उलगडा झाला.
एक कापडवाला हळूच – "प्रेशर वाढलंय, माझे गाठिये बिनमिठाचे बांध. सुनेला कळू देऊ नको."
दुसरा – "मुलीची सोयरीक चाललीय, ओधाभाई. भिंतीवर माझ्या नावापुढे लाल रंग आला तर व्याही काय म्हणतील? पोराच्या मागे उभा राहून हिरवा लिहून घेतला."
म्हणजे सगळ्या बापांनी तेच केलं! नावासकट आकडा गावभर दिसणार म्हटल्यावर कोण खरं सांगेल? बाईंचं विज्ञान पक्कं, पण बाजार कच्चा.

संध्याकाळी त्यांना सांगितलं, "नावं काढा. रविवारच्या गर्दीत मी पितळी टोकन देतो. नंबर पुकारतो. कुणी किती नेलं, कुणाला पत्ता लागत नाही. टोकनच्या नंबरावरच मोजा. आणि घरी नको, माझ्या दुकानात! फाफडा उतरेपर्यंत लोक तसेही दहा मिनिटं बाकावर गप्प बसतात."
बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "काका, मोजण्याआधी शांत बसवायचंच असतं!"
हे मला कुठे माहीत होतं? पण मान डोलावली.

रविवार, १४ डिसेंबर
मागच्या खोलीत पडदा. पडद्याआड मुलं. डब्यातून टोकन उचला, आत जा, वय आणि रोजचे पापड-लोणचं खरं सांगा, हात द्या, तीनदा मोजून घ्या. आकडा सांगायचा नाही, ज्याने त्याने तक्त्यात बघायचा. सुरुवातीला कुणी हलेना. हेली सगळ्यांसमोर म्हणाली, "आधी दादा!" झक मारत गेलो. टोकन कोटाच्या खिशात टाकलं, बघितलंही नाही. मग रांगच लागली. अठ्ठावन्न माणसं! दोन म्हाताऱ्या पुन्हा आल्या. "गार हाताचा पोरगा मोजतो तो बरा," म्हणे.

सोमवार, १५ डिसेंबर
भिंतीवर एकोणीस लाल. जास्त पापडवाले बरेचसे लालमध्येच! मुलं आपसात भांडतायत – मीठ की वय? नियतीबेन नुसत्या बघत उभ्या. एवढं सुख मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर पहिल्या घासालाच पाहिलंय.

बुधवार, १७ डिसेंबर
जसवंतभाई अडून बसले. "एकतीस नंबरला एकशे चौऱ्याऐंशी-एकशे सहा? असा माणूस गाठिया खायला चालत येईल का? पोरांनी आकडे रचलेत. तो माणूस शनिवारपर्यंत डॉक्टरचा कागद घेऊन पुढे येऊ दे, मी खोलीचं नाव काढणार नाही."
बाईंनी दुकानात पाटी लावली – 'एकतीस नंबरने कृपया डॉक्टरांना दाखवावे.'

गुरुवार, १८ डिसेंबर
कुणी आलं नाही. मी दिवसभर ओरडतोय, "एकतीस! अरे भल्या माणसा, तुझ्या जिवाची नाही तर पोरांच्या खोलीची तरी दया कर! घाबरतोस काय?" लोक हसतात. एकमेकांकडे संशयाने बघतात. घसा बसला.
नियतीबेन कपाटातल्या काचेच्या नळ्या कागदात गुंडाळायला लागल्या, असं हेली सांगत होती. जेवली नाही पोर.

शुक्रवार, १९ डिसेंबर
बायकोने कोट धुवायला काढला. खिसे उलटे केले. टोकन माझ्या ताटाशेजारी ठेवलं. एकतीस.

शनिवार, २० डिसेंबर
सकाळी डॉक्टर. तिथेही तेवढंच निघालं. कागद बैठकीत जसवंतभाईंच्या हातात दिला. खोली राहिली.
मला रोज एक गोळी. किती दिवस, विचारलं. कायमची, म्हणाले.