वंदनाताईचे डबे

नागपूर,
६ जानेवारी २०२५

सौ. पिंकीताई यांस,
हिमानीचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर विचारलं असतं तरी सांगितलं असतं, पण पत्राचा आनंद जास्त झाला. वंदनाताई गेल्यावर बुटीबोरीहून मला कोणी काही विचारेल असं वाटलं नव्हतं. तिच्या जागी तुम्ही आलात, म्हणजे तुम्हीही माझ्या ताईच, हे मी भाऊजींच्या दुसऱ्या लग्नात आईला सांगितलं होतं. 

दिवाळीत भाऊजींबरोबर चि. दीक्षा खोलीवर आली होती. माझे निळे डबे तिला एवढे आवडले, हे वाचून हसू आलं. ते सगळे भंगारवाल्याकडचे आहेत. नवे घ्यायला माझा पगार पुरत नाही. रंगही घरमालकाच्या फाटकाचा उरलेला, फुकटचा.

रीत सोपी आहे. आधी सोड्याच्या गरम पाण्यानं तेलकटपणा काढा. मग पॉलिशपेपरनं घासा. स्टीलची चकाकी गेलीच पाहिजे, नाहीतर रंग सालीसारखा सुटतो. नंतर प्रायमर, आणि तो वाळला की ऑइलपेंटचे दोन पातळ हात. घाईनं एकच जाड हात देऊ नका, ओघळ येतात. रंग फक्त बाहेरून. पेल्याला काठापासून दोन बोटं जागा सोडा, ओठाला लागायला नको. माझ्या मोठ्या डब्यावर कुणा कांताबाईचं नाव कोरलेलं होतं. दुसऱ्या हाताला कांताबाई गायब! आता जुना डबा म्हणून कोणी ओळखत नाही.

तुम्हाला कोणती भांडी रंगवायची आहेत, ते लिहायचं राहिलं वाटतं. संक्रांतीला आई तिळगूळ घेऊन तुमच्याकडे येईल. सासूबाईंना नमस्कार, दीक्षाला गोड पापा. माया आहेच, ती पत्रांतून येत राहू द्या.

तुमची,
हिमानी


नागपूर,
२६ जानेवारी २०२५

सौ. पिंकीताई यांस,
नमस्कार.

आई तुमच्याकडून गावी परतली ती बोलेचना. चौथ्या दिवशी बाबांनी मला बोलावून घेतलं. माझ्याजवळ ती एवढंच म्हणाली की काविळीनं माही पोरगी नेली त्याले तीन वर्षं झाली, पण त्या घरातून ती आत्ता गेली.

ताईच्या लग्नात आईनं दिवसभर भांड्यांच्या दुकानात बसून एकेका भांड्यावर नाव टाकून घेतलं होतं. तिला वाचता येत नाही. दुकानदारानं चुकीचं कोरू नये म्हणून ती मला प्रत्येक भांडं वाचायला लावत होती. मी तेव्हा आठवीत होते. तुमच्या घरी तिनं डबा हातात घेतला, बोट फिरवलं आणि तिला काही लागलं नाही.

दीक्षाला तिच्या जन्मदात्या आईचा चेहरा आठवत नाही. तुमच्या घरात ताईचं नाव फक्त त्या भांड्यांवर होतं. तुम्ही तेच बुजवलंत, आणि तेही मला विचारून. रीत माझी होती, हे आईला सांगायची अजून माझी हिंमत झालेली नाही.

आईला भांडी परत हवी आहेत. ९ फेब्रुवारीच्या रविवारी बाबा गाडी घेऊन येतील. त्यानंतर येणं-जाणं संपेल आणि नात आपल्याला दिसायची नाही, असं बाबांनी दहादा समजावलं. ती ऐकत नाही. माझं म्हणाल तर जन्म देणारी आई कोण, हे दीक्षापासून लपवणं हाच मोठा अन्याय आहे. ते तिला सांगायलाच हवं. यात अवघड ते काय?

काहून केलं असं, तेवढं कळवा.

हिमानी


बुटीबोरी,
३० जानेवारी २०२५

हिमानीताईंना पिंकीचा नमस्कार.

पत्र दुपारी सासूबाई झोपल्यावर वाचलं. भांडी पोत्यात बांधून ठेवली आहेत. न्या.

काहून केलं ते लिहिते. दीक्षा यंदा पहिलीत आहे. दिसेल ते वाचत सुटते, साबणाचा कागदही सोडत नाही. एक दिवस पेला उचलून तिनं एकेक अक्षर लावलं, वंदना, आणि मले विचारलं, ही कोण वं आई? सासूबाईंनी शपथ घातली आहे, पोरगी मोठी होईपर्यंत सांगायचं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं की भांड्यांच्या दुकानवालीचं नाव आहे. मग रोज सुरू झालं. परात दाखवून म्हणे, हेही दुकानवालीचं. डबा दाखवून म्हणे, दुकानवाली किती चांगली, आपल्याले सगळं देऊन टाकलं. मले ते ऐकवेना. त्याच आठवड्यात तुम्हाला लिहिलं. कोणती भांडी, ते मुद्दाम लिहिलं नाही.

आणि खरं लिहायचं तर मलेही वाईट वाटायचं. माझ्या बापाकडून लग्नात एक वाटी देणं झालं नाही. स्वयंपाक मी करायची, नाव तिचं. तुमचे भाऊजी जेवायला बसले की ताट थोडं फिरवून घेतात, नावाची बाजू आपल्याकडे. त्यांना कळतही नसेल. त्या ताटाला मी रंग लावला नाही, हातच धजला नाही. ते पोत्यात नाही. ते तुमच्या बाबांनी त्यांच्याकडून मागून घ्यावं, माझ्यानं होणार नाही.

फळी रिकामी दिसली की दीक्षा विचारील. तुम्ही शिकलेल्या आहात. काय सांगू, ते लिहून पाठवा. मी पाठ करीन.

राग कमी झाला की लिहा.

पिंकी


नागपूर,
५ फेब्रुवारी २०२५

सौ. पिंकीताई यांस,
तुमच्या हिमानीचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन मी गावी गेले आणि आईला वाचून दाखवलं. आधी सांगून टाकलं की रंगाची रीत माझीच, आणि कांताबाईचंही सांगितलं. आई रागावली नाही. म्हणाली की त्या पिंकीचं ठीक आहे, तिले जड जात होतं. पण तुले तं वाचता येत होतं न वं, तरी तू त्या बाईले बुजवलं.  घरात पहिली पदवी माझी, आणि एका बाईचं नाव बुजवून मी गंमत म्हणून लिहिलं होतं.

ताटाचं वाचलं तेव्हा ती उठून गोठ्याकडे गेली. बऱ्याच वेळानं आली आणि बाबांना म्हणाली की गाडी सांगू नका. भांडी इथं आणून मी कोणाले वाढू? तिथं तिची पोरगी तरी जेवते.

पोतं सोडा, भांडी पुन्हा फळीवर लावा. मात्र आई पुन्हा बुटीबोरीला येणार नाही. त्या दारातून आत पाय पडणार नाही म्हणते, आणि यावेळी मी तिला समजावलं नाही.

रविवारी मी एकटी येते. सासूबाईंशी मी बोलेन, रागावल्या तर माझ्यावर रागावू द्या. दीक्षाला काय सांगायचं ते चार वेळा लिहिलं आणि चारही कागद फाडले. तुला जन्म देणारी आई वंदना होती, ती माझी बहीण, इथवर नीट जमतं. मग ती विचारील की मला आधी कोणी काहून नाही सांगितलं, आणि तिथं माझी लेखणी थांबते.  तेव्हा पाठ काही करू नका. तिला तुम्ही मांडीवर घ्या, मी समोर बसते.

आहे तेवढी माया तुटू देऊ नका.

तुमची,
हिमानी