तिसरी पिन

बारामती, ४ मार्च २०२४

रा. रा. व्याही दादासाहेब यांस सोपानचा नमस्कार, वि. वि.

इकडं सर्व खुशाल. फोन करावा तर तुम्ही कायम ऊसतोडीत, म्हणून कागद. परवा रेश्माशी फोनवर बोलत होतो. मागं मी दिलेलं वॉशिंग मशीन घरघरत होतं, आणि मधेच पोरगी आई गं म्हणाली. विचारलं तर म्हणे, काय न्हाय, हात आपटला. तीस वर्षं वायरमनकी केलीय. हात आपटल्यावर माणूस कसं ओरडतं आणि करंट बसल्यावर कसं, हे कानाला कळतं. प्लगची तिसरी पिन, अर्थिंगची, तेवढी बघा. मशीनला वेगळी वायर ओढून अर्थिंगचा खड्डा घेऊन देतो. माणूस माझा, सामान माझं. तोवर प्लग काढून ठेवा. विहीणबाईंना नमस्कार. मर्जी राहू द्या.

आपला, सोपान


सणसर, ११ मार्च

व्याही सोपानराव यांस नमस्कार.

पत्र वाचून हसलो. तिसरी पिन आमच्या बोर्डात जाईना, म्हणून तुमच्या जावयानंच पकडीनं तोडली. मशीन झकास चालतं. झटका देतं, व्हय. पण तो लाडात वाढलेल्यांनाच बसतो, असं ही म्हणते. हिनं रेश्माला शिकवलंय, हात चटदिशी काढला की लागत न्हाय. नवी फरशी तुमच्या खड्ड्यासाठी फोडू का? लेकीच्या संसारात बापानं वायरी घालू नयेत. लोभ आहेच.

दादासाहेब


सणसर, ९ मे

सोपानराव यांस तातडीचा नमस्कार.

रेश्माला मशीनच्या ड्रायरमधल्या करंटनं धरलं आणि तुम्ही तिला घेऊन गेलात, त्याला दीड महिना झाला. आम्ही चकार शब्द काढला नाही. पण काल हिनं स्वतः लुगडी काढायला हात घातला आणि थेट मोरीत जाऊन पडली. अजून दात वाजतायत. लगेच माणूस पाठवा, फरशी फुटली तरी चालंल. रेश्मालाही लावून द्या. हिला मशीनची धास्ती बसलीय. धुणं कुणी करायचं?

दादासाहेब


बारामती, १३ मे

दादासाहेब यांस नमस्कार.

माणूस उद्या येईल. खड्डा, वेगळी वायर, नवा बोर्ड, सगळं करून जाईल. कुणाला करंट बसावा असा धंदा मी करत नाही.

रेश्मा येणार नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. तुमचं पत्र तिनंच डाव्या हातात धरून मला वाचून दाखवलं. विहीणबाई मोरीत पडल्या तिथवर आली आणि हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा. बाप म्हणून मी तिला गप्प करायला हवं होतं. परत वाच म्हणालो.

विहीणबाईंच्या तब्येतीचं सविस्तर कळवत जा. पोरगी वाट बघते.

सोपान