कोरडी मान

वस्ताद, मला अजून लोक पैलवान म्हणतात. कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे म्हणतात, कोपऱ्यावरचा चहावाला म्हणतो, आणि रिक्षात बसलो की रिक्षावालाही म्हणतो, "पैलवान, जरा मधी सरकून बसा की, गाडी एका अंगाला चालली." तालीम सोडून इतकी वर्षं झाली, तुम्ही जाऊनही वर्षं लोटली, तरी तुमच्या मातीची खूण अंगावर राहिली म्हणून मी मनातल्या मनात खूश व्हायचो. अगदी परवापरवापर्यंत खूश होतो. आता ती हाक कानावर आली की मान खाली जाते, आणि हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही.

मंद्रूपहून सोलापूरला आणून वडिलांनी मला तुमच्या हवाली केलं तेव्हा मी नुसता काटकुळा होतो. तुम्ही दंड दाबून बघितला आणि वडिलांना म्हणालात, "हाडं चांगली हायेत. मास आपण चढवू की." तालमीच्या कोपऱ्यात ती मोठी दगडी कुंडी, तिच्यात बदाम, खसखस, बडीशेप रगडून थंडाई व्हायची. जोरबैठका काढून आम्ही पोरं रांगेत उभी राहायचो. तुम्ही डाव्या हातात पेला धरून उभे. उजवा हात प्रत्येकाच्या मानेवर मागच्या बाजूनं ठेवायचा. मान ओली लागली तर पेला त्याच्या हातात, कोरडी लागली तर पुढच्याच्या. एकदा अक्कलकोटकडच्या एका पोरानं माठातलं पाणी मानेला चोळून रांग गाठली. तुम्ही हात लावला, बोट जिभेवर टेकवलं आणि म्हणालात, "हे माठातलं हाय. खारट लागंना." सगळी तालीम हसते आहे, तो पोरगा लाजेनं लाल झालाय आणि तुम्ही शांतपणे त्याचा पेला मला देताय. मी तो एका दमात संपवतो. घाम नाही तर खुराक नाही, एवढा एकच कायदा तुमच्या तालमीत होता.

पुढं मला नोकरी लागली. तालीम एकदम सुटली नाही. आधी सकाळची गेली, मग आठवड्यातून एकदा, मग नुसता नागपंचमीला नारळ फोडायला येऊ लागलो. सुटला नाही तो खुराक. गावाकडून तुपाची बरणी येतच राहिली. बायको नवी होती, तिला वाटायचं पैलवानाशी लग्न झालंय तर पैलवानासारखंच खायला घातलं पाहिजे. पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, "आमच्यात दूध लोट्यानं लागतंय." तो लोटा पिऊन मी दिवसभर खुर्चीत बसायचो, संध्याकाळी कचेरीतल्या मंडळींबरोबर भजी खायचो आणि दोन गल्ल्या सोडून पानाच्या टपरीवर जायलाही गाडीला किक मारायचो. तालीम सुटली, मग पोट सुटलं. त्याला मी तब्येत म्हणत होतो. खात्यापित्या घरचा दिसतो म्हणून सासरे खूश होते.

तुम्ही एकदा मंगळवार बाजारात भेटला होता, आठवतं? तुम्ही पार वाळला होता, हातात मेथीची जुडी होती. मी इस्त्रीच्या शर्टात, वाकून पाया पडलो आणि उठताना गुडघ्यावर हात टेकला. भर बाजारात, माणसं धक्के देत जाताहेत, तुम्ही हात उचलून माझ्या मानेवर मागून ठेवलात. "घाम कुटं हाय रं?" एवढंच विचारलंत. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी हसलो, तुमच्या पिशवीत किलोभर केळी घातली आणि निघून गेलो. तीच शेवटची भेट.

आता पोराचं सांगतो, कारण लाज त्याचीच आहे. म्हणजे माझी, पण त्याच्या अंगावर चढलेली. तो आठवीत आहे. चालायला लागल्यापासून मी त्याला बदाम आणि तूप चारलं. पैलवानाचा पोरगा, दुसरं काय चारणार? वरून त्याची त्याची पुड्यातली कुरकुरीत खाणी, बाटल्यांतलं गोड पाणी. शाळेला व्हॅन, ट्यूशनला माझी गाडी, बाकी वेळ हातात मोबाईल. त्याचे गाल बघून शेजारपाजारचे ओढायचे तेव्हा मला धन्य वाटायचं. मग एक दिवस तो शाळेतून आला, दप्तर कॉटवर आपटलं आणि म्हणाला, "मला सगळे पैलवान म्हणतात. मी जाणार नाही उद्यापासून." वस्ताद, मला इतका आनंद झाला! मी म्हणालो, "अरे मग छाती काढून चालायचं! तुझ्या बापालाही अख्खं सोलापूर पैलवान म्हणतंय." त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. रागानं नाही, कीव आल्यागत. "पप्पा," तो म्हणाला, "ते तुम्हाला पण चिडवतात." बायको भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. तिलाही ते माहीत होतं. बहुतेक सगळ्यांनाच माहीत होतं.

त्याच सुमारास त्याची मान काळी पडली होती. मागून, जिथं तुम्ही हात ठेवायचात तिथंच. बायकोला वाटलं पोरगं नीट अंघोळ करत नाही. दर रविवारी त्याला मोरीत बसवून ती डाळीचं पीठ आणि लिंबू लावून घासायची. तो ओरडायचा, ती म्हणायची, "मळ किती साचलाय बघ की, आन् वर वरडतोस!" मीही बाहेरून दोन शब्द ऐकवायचो. खोकल्यासाठी डॉक्टरीणबाईंकडं नेलं तेव्हा त्यांनी त्याची कॉलर खाली केली आणि म्हणाल्या, "हा मळ नाही. वजन वाढलं की अशी मान काळी पडते. याची शुगर वाढायच्या वाटेवर असणार. रक्त तपासून घेऊ." बायकोनं आपले हात पदराखाली घेतले. बाईंनी विचारलं, खायला काय देता? मी सांगितलं, दूध, तूप, बदाम, सगळं घरचं. "आणि खेळतो काय?" पोरगाच म्हणाला, "मोबाईल." मग त्यांनी विचारलं, घरात अजून कुणाचं वजन जास्त आहे? मी हाताच्या खुर्चीत असा गच्च बसलो होतो की उठलो असतो तर खुर्चीही बरोबर उठली असती.

अजून वेळ गेलेली नाही, असं त्या म्हणाल्या. तपासणीतही तसंच निघालं. तूप कमी झालं, बाटल्या बंद झाल्या, ताटात ज्वारीची कडक भाकरी आणि पालेभाजी आली. आता रोज सकाळी पोरगा तळ्याच्या कडेनं पळतो. सुरुवातीला दहा पावलांत खाली बसायचा, हल्ली बराच लांब जातो. मी शेजारून गाडीवर, पहिल्या गिअरात. "दम सोडू नको, खांदे ढिले सोड," असं तुमच्या आवाजात ओरडत असतो. एकदा तो धापा टाकत थांबला तेव्हा मी गाडीवरूनच हात लांब करून त्याच्या मानेवर ठेवला. ओली होती, वस्ताद! काळी, पण चांगली ओलीचिंब. माझे डोळे भरून आले. त्याला तुमच्या पेल्याची गोष्ट सांगितली. तो नीट ऐकत होता. मग हसत हसत त्यानं आपला हात माझ्या मानेवर मागून ठेवला आणि म्हणाला, "तुमची तर कोरडीच आहे की."

मी म्हणालो, गाडीवर वारा लागतो ना, घाम वाळला असेल.

इथवर लिहून हा कागद तालमीत तुमच्या फोटोखाली ठेवायचं ठरवलं होतं. गेलोही होतो. आतून पोरांच्या दंड थोपटण्याचा आवाज येत होता, मातीचा तोच वास होता. दारातला एक पोरगा अदबीनं बाजूला झाला आणि म्हणाला, "या की पैलवान, आत या." कागद खिशातच राहिला. तो गाडीच्या डिकीत पडून होता; आज एवढं खाली जोडलं, आता परत तिथंच जाईल असं दिसतंय. पोराला मी काल शब्द दिला होता की उद्यापासून गाडी घरी ठेवीन, तुझ्याबरोबर पायी येईन. आज सकाळी मी पुन्हा गाडीवरच होतो. थंडी अजिबात नव्हती, तरी मानेला मफलर गुंडाळला होता.